डुंडुभाचा प्रश्न

महाभारत प्रथमच हातीं घेणारा वाचक आदिपर्वाच्या पहिल्या पन्नास अध्यायांत बहुधा अडखळतो. त्याला कौरव-पांडव पाहिजे असतात. आणि त्याच्यापुढें येतें काय, तर मार खाल्लेलें कुत्र्याचें पिल्लूं, चोरीस गेलेलीं कुंडलें, लग्नाच्या तोंडावर सर्पदंश झालेली वधू आणि सापांच्या नांवांच्या लांबच लांब याद्या. हीं पानें उलटून तो पुढें सरकतो, आणि या कामीं आमच्या विद्वानांनीं त्याला एक प्रकारें उत्तेजनच दिलें आहे. भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनीं व्यास, वैशंपायन आणि सौति असे महाभारताचे तीन कर्ते मानले, आणि ग्रंथ वाढविण्याचें श्रेय किंवा अपश्रेय सौतीच्या पदरांत टाकलें. भांडारकर संस्थेच्या आदिपर्वाचे संपादक डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं १९३६ सालीं भृगुकुळाच्या कथांची छाननी करून या ग्रंथावर भार्गवांचा हात किती खोल फिरला आहे हें दाखविलें. हा शोध आम्हांस मान्य आहे. पण हात मागाहून फिरला एवढ्यावरून तो आंधळेपणानें फिरला असें ठरत नाहीं. ज्या कोणीं हीं प्रकरणें ग्रंथाच्या दारांत आणून ठेवलीं त्याच्या डोळ्यांपुढें एक प्रश्न स्पष्ट होता, असें आमचें मत आहे. एकाच्या अपराधासाठीं त्याच्या सगळ्या जातीला शासन करावें असें माणसाला कां वाटतें, हा तो प्रश्न.

आणि तो ग्रंथाच्या कडेला पडलेला प्रश्न नव्हे. वैशंपायनानें भारत सांगितलें तें जनमेजयाच्या सर्पसत्रांत, यज्ञकर्माच्या मधल्या फुरसतींत. म्हणजे ज्या श्रोत्यासाठीं ही सारी कथा सांगितली गेली तो त्याच वेळीं, त्याच मंडपांत, आपल्या बापाला एका नागानें मारलें म्हणून सगळ्या सापांना जाळीत बसला होता. गीता जेथें सांगितली गेली त्या रणभूमीचा आमच्या टीकाकारांनीं जेवढा विचार केला, त्याच्या शतांशानेंही या मंडपाचा केलेला नाहीं.

पौष्यपर्वाचा आरंभच पाहा. जनमेजय आपल्या तीन भावांसह कुरुक्षेत्रांत सत्र करीत आहे. तेथें सरमेचें पिल्लूं येतें आणि भाऊ त्याला मारून हांकलतात. तें रडत आईकडे जातें. आई प्रथम विचारते, तुझा कांहीं अपराध घडला काय? पिल्लूं म्हणतें, मीं हविष्याकडे पाहिलेंही नाहीं, मग चाटणें दूरच. सरमा यज्ञमंडपांत येऊन तोच प्रश्न राजबंधूंना करते, आणि कवि सांगतो कीं त्यांनीं कांहींच उत्तर दिलें नाहीं. या मौनांत पुष्कळ आहे. त्यांच्यापाशीं द्यावयास उत्तर एकच होतें, आणि तें उघड बोलण्यासारखें नव्हतें: कुत्रीं हविष्य चाटतात, तूं कुत्रा आहेस. ज्या अपराधासाठीं मार बसला तो त्या पिल्लानें केलेला नव्हता, तो त्याच्या जातीच्या नांवावर आगाऊ जमा होता. मग सरमा शाप देते, निरपराध्याला मारलें म्हणून अकल्पित भय येईल. आणि हा शाप बसतो तो मारणाऱ्या भावांना नव्हे, जनमेजयाला. दुखावलेल्या आईनेंही घर एकच मानलें.

यापुढें पौलोमपर्वांत येणारी रुरूची कथा ही आमच्या मतें या विषयावरची आपल्या वाङ्मयांतील सर्वांत बारीक नजरेची कथा होय. रुरु हा च्यवनाचा नातू आणि प्रमद्वरा ही त्याची वाग्दत्त वधू. लग्न थोड्या दिवसांवर आलें असतां मैत्रिणींबरोबर खेळतांना तिचा पाय निजलेल्या सापावर पडतो आणि तो तिला चावतो. रुरु रानांत जाऊन आक्रोश करतो. देवदूत येऊन सांगतो कीं तुझें अर्धें आयुष्य देशील तर ती उठेल. तो तें देतो, ती उठते, ठरल्या दिवशीं लग्न होतें. येथें कथा संपावयास पाहिजे होती. गेलेलें सगळें परत मिळालें आहे. सापाकडे पाहिलें तर त्यानें पायाखालीं चिरडला जातांना दंश केला. त्यांत द्वेष शोधूनही सांपडणार नाहीं. आणि तरीही, लग्नानंतर, सुखाच्या दिवसांत, रुरु व्रत घेतो कीं दिसेल तो साप मारीन. हा क्रम कवीनें सहज लिहिलेला नाहीं. प्रमद्वरा मेलेलीच राहिली असती आणि रुरूनें हें व्रत घेतलें असतें, तर आम्ही त्याला दुःखाचा वेग म्हणून सोडून दिलें असतें. नुकसान भरून निघाल्यावरही राग उरतो, आणि उरलेल्या रागाला तो चावलेला साप पुरत नाहीं. तो कोठें गेला याची रुरु चौकशीही करीत नाहीं. सबंध कथेंत त्या एका सापाचा शोध कोणीं घेतल्याचा उल्लेख नाहीं.

अपराधी पुरत नाहीं, हीच या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे असें आम्हांस वाटतें. सामान्यतः अशी समजूत असते कीं, जो सगळ्या जातीवर हात उगारतो तो सगळ्या जातीला अपराधी मानीत असतो. म्हणून त्याला निरपराधित्वाचा पुरावा दाखविला कीं तो हात खालीं घेईल. रुरूचें मन तसें चाललेलें नाहीं. प्रमद्वरेवरचें त्याचें प्रेम आयुष्याच्या अर्ध्या वांट्याएवढें. तिला नेऊं पाहणारा साप मात्र गवतांतला वीतभर जीव. या दोन वजनांचा तराजू लागत नाहीं. एक साप मारून पारडें हलत नाहीं म्हणून दुसरा, मग तिसरा. आणि मग ज्याच्या अंगावर खवले आहेत तो प्रत्येक. अपराध्याचें क्षुद्रपण हीच सूड घेणाराची खरी अडचण असते. ज्यानें आपलें सर्वस्व हिरावलें तो इतका लहान असावा हें त्याला सोसत नाहीं, म्हणून तो त्याच्या मागें एक जात उभी करून त्याला मोठा करून घेतो.

एके दिवशीं रुरूला रानांत एक म्हातारा डुंडुभ पडलेला दिसतो. डुंडुभ म्हणजे आपल्याकडील दिवडासारखा बिनविषारी साप. रुरु दंड उगारतो. संस्कृतांत काठीला आणि शिक्षेला शब्द एकच, हें येथें विसरूं नये. डुंडुभ विचारतो, मीं तुझें आज कांहीं बिघडविलेलें नाहीं, मग रागानें मला कां मारतोस? रुरु बायकोची हकीकत आणि आपलें व्रत सांगतो. यावर डुंडुभाचें उत्तर मोठें मार्मिक आहे. तो म्हणतो, माणसांना चावणारे साप ते दुसरे. सापपणाच्या नुसत्या वासावरून डुंडुभांना मारूं नये. आमचीं आणि त्यांचीं सुखें वेगळालीं, दुःखें मात्र एक. जातीच्या शिक्षेचें याहून नेमकें वर्णन आम्हांस ठाऊक नाहीं. नागांचें वैभव, पाताळांतले वाडे, मस्तकावरचे मणि, इंद्राशीं मैत्री यांत डुंडुभाचा वांटा नव्हता. काठी आली तेव्हां मात्र तो पूर्ण वांटेकरी ठरला.

मराठींत आपण अशा वेळीं म्हणतों, सुक्याबरोबर ओलेंही जळतें. ही म्हण आम्हांस नेहमीं थोडी अप्रामाणिक वाटत आली आहे. तींत जाळणारा कोणीच नाहीं. लाकडें आहेत, ज्वाला आहे, आणि जळणें हें पाऊस पडण्यासारखें आपोआप चाललें आहे. आदिपर्वाचा कवि ही सवलत कोणासही देत नाहीं. प्रत्येक अग्नीमागें त्यानें पेटविणारा उभा केला आहे, आणि त्याला पेटवावयास लावणाराही.

सर्पसत्राचा पेटविणारा जनमेजय. पण त्याला चेतविणारा उत्तंक. तक्षकानें वाटेंत कुंडलें चोरलीं हा उत्तंकाचा स्वतःचा सल. तीं त्याला परतही मिळालीं होतीं. म्हणजे येथेंही रुरूचाच प्रकार. हा उत्तंक राजाकडे येऊन आपल्या कुंडलांचें गाऱ्हाणें पुढें ठेवीत नाहीं. तो म्हणतो, राजा, करावयाचें टाकून तूं भलतेंच करीत बसला आहेस, तुझ्या बापाला तक्षकानें मारलें. तोंपर्यंत जनमेजयाच्या मनांत सर्पसत्राचा विचारही नव्हता. एकाचा खासगी हेवा दुसऱ्याच्या पितृशोकाचें वस्त्र पांघरून दरबारांत येतो, आणि शोक करणाराला तो आपलाच वाटतो. पुढें राजा मंत्र्यांकडून बापाच्या मरणाची हकीकत ऐकतो. ती त्याला फारशी सोयीची नाहीं. परीक्षितीनें ध्यानस्थ शमीकाच्या गळ्यांत मेलेला साप अडकविला होता, ऋषिपुत्र शृंगीनें शाप दिला होता, आणि तक्षक हा त्या शापाचा केवळ हस्तक होता. पण मंत्र्यांच्या सांगण्यांत एक गोष्ट निघते: विष उतरविण्यास निघालेल्या काश्यपाला तक्षकानें द्रव्य देऊन परत फिरविलें. जनमेजय एवढेंच उचलतो. तक्षकानें नुसता दंश केला असता तर बाप वांचला असता, ही लांच हाच त्याचा खरा गुन्हा, असा तो निवाडा करतो. न्यायाच्या दृष्टीनें हा निवाडा चांगलाच बारीक आहे. दोष शृंगीपासून वेगळा काढला, शापापासून वेगळा काढला, आणि एका नागाच्या एका कृतीवर आणून ठेवला. यानंतर लगेच राजा ऋत्विजांना विचारतो कीं सगळे साप कसे जाळतां येतील!

हा उतारा वाचतांना आम्ही प्रत्येक वेळीं थबकतों. ज्याचें मन एवढें सूक्ष्म चालतें तोच पुढच्या श्वासाला एवढें स्थूल कसें बोलतो? उत्तर पुन्हा तेंच. निवाड्यानें अपराधी एकटा पाडला, आणि एकटा पडतांच तो अपुरा झाला.

मग मंत्रांनीं ओढले जाऊन साप अग्नींत पडूं लागतात. पांढरे, काळे, निळे, म्हातारे, पोरवयाचे; एकमेकांना विळखे घालीत, ओरडत. कवि त्यांच्या कुळांच्या याद्या देतो: वासुकीच्या कुळांतले हे, तक्षकाच्या कुळांतले हे, ऐरावताचे, कौरव्याचे, धृतराष्ट्र नागाचे. याच त्या याद्या, ज्या वाचक उलटून टाकतो. आमच्या मतें त्या उलटूं नयेत. ऋत्विजांच्या दृष्टीनें जें जळत होतें तें एका शब्दांत सांगतां येत होतें, साप. कवीला तो एक शब्द पुरला नाहीं, त्याला नांवें द्यावींशीं वाटलीं.

आणि या सगळ्या वेळांत तक्षक कोठें होता? इंद्राच्या आश्रयाला. सबंध सत्रांत ज्याच्यावर कांहीं तरी शाबीत झालें होतें असा तो एकच, आणि अग्नीच्या तोंडापर्यंत तो आला सर्वांत शेवटीं. 'इंद्राय स्वाहा, तक्षकाय स्वाहा' ही आपल्या बोलण्यांतली म्हण त्या शेवटच्या आहुतीवरून पडली. पण ती म्हणतांना आपण विसरतों कीं ती आहुति पडलीच नाहीं. तक्षक वांचला. खांडववन जळालें तेव्हांही हेंच झालें होतें. तें रान तक्षकाचें घर. कृष्णार्जुनांनीं तें चोहोंकडून अडवून आंतल्या जिवांसकट जाळलें. तक्षकाची बायको मेली. तक्षक मात्र त्या दिवशीं कुरुक्षेत्रांत होता. इरावतीबाई कर्वे यांनीं 'युगांत' या १९६७ च्या ग्रंथांत खांडवदाहाच्या क्रौर्याकडे मराठी वाचकांचें लक्ष वेधलें, हें त्यांचें मोठें कार्य होय. दोन्ही अग्नि शेजारीं ठेवले म्हणजे आणखी एक गोष्ट दिसते. जो अग्नि सगळ्यांसाठीं लावला जातो तो हाताशीं असलेल्यांना जाळतो. आणि ज्याच्यासाठीं लावला तो बहुधा हाताशीं नसतो, म्हणूनच तर तो सगळ्यांसाठीं लावलेला असतो.

पुण्याच्या वाचकाला हें पटवावयास पुराणांत जावें लागणार नाहीं. २२ जून १८९७ च्या रात्रीं रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकरी सांपडेनात, तेव्हां सरकारनें शहरावर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च शहराच्याच माथीं मारला. नातू बंधूंना चौकशीवांचून अटकेंत ठेविलें. दामोदर चाफेकर हातीं लागला तो कित्येक महिन्यांनीं. त्या वेळीं 'केसरी'नें जो सुप्रसिद्ध प्रश्न मथळ्यांत विचारला तो सरकारचें डोकें ठिकाणावर आहे काय, असा होता. राजकीय लेख म्हणून त्याची कीर्ति झाली. पण प्रश्न मानसशास्त्राचा आहे, हें कोणीं फारसें पाहिलें नाहीं. साम्राज्याचा अधिकारी राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्रीं मारला जातो, आणि मारणारे निघतात एका कीर्तनकाराचे मुलगे! हा तराजू साम्राज्याला लागला नाहीं. शहर पाहिजे होतें.

अमृतसरांत याहून विलक्षण प्रकार झाला. १० एप्रिल १९१९ रोजीं तेथल्या एका गल्लींत शेरवुड नांवाच्या मिशनरी बाईला जमावानें मारहाण केली, आणि तिला उचलून आसरा देणारे लोकही तेथलेच हिंदी रहिवासी होते. जनरल डायरनें कांहीं दिवसांनीं हुकूम काढला कीं त्या गल्लींतून जाणाऱ्या हिंदी माणसानें पोटावर सरपटत जावें. ज्यांनीं वांचविलें त्यांच्या दारावरून ही शिक्षा गेली. हंटर कमिटीपुढें डायरनें ती जागा पवित्र मानली जावी असा आपला हेतु सांगितला. शिक्षा जेव्हां माणसावरून उठून जागेवर, रक्तावर किंवा नांवावर बसते तेव्हां तिला पूजेचें रूप येतें. सर्पसत्रही अखेर यज्ञच होता, हें येथें आठवतें.

अलीकडच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनींही या मनोवृत्तीचा पिच्छा पुरविला आहे. डोनाल्ड कॅम्पबेल यांनीं १९५८ सालीं असें मांडलें कीं कांहीं समूह पाहणाराला सुट्या माणसांची रास न वाटतां एकच पिंड वाटतात. सारखेपणा, जवळीक आणि बरोबर हालणें यांमुळें ही भावना दृढ होते. ब्रायन लिकेल आणि त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं परभारें घेतल्या जाणाऱ्या सूडाचा विचार करतांना दाखविलें कीं, असा एकपिंड दिसणाऱ्या समूहांतील अलिप्त माणसांवरही दोष चिकटविला जातो, आणि तो बहुधा या वाटेनें: यांनीं अपराध्याला उत्तेजन दिलें असेल, किंवा निदान यांना तें थांबवितां आलें असतें. हे शोध उपयोगी आहेत. पण यांतला दुसरा मुद्दा आदिपर्वांत और्व ऋषीच्या तोंडीं पूर्वींच आलेला आहे, आणि तेथें तो ज्या ताकदीनें आला आहे ती ताकद प्रयोगशाळेच्या निबंधांत नाहीं.

और्वाची कथा चैत्ररथपर्वांत आहे. कृतवीर्याच्या वंशजांनीं द्रव्यलोभानें भृगूंची कत्तल केली, ती पोटांतल्या गर्भांपर्यंत. एका आईनें मांडींत लपविलेला गर्भ पुढें और्व होऊन जन्मला. मारणाऱ्या क्षत्रियांना तो क्षमा करतो! त्यांची गेलेली दृष्टि परत देतो. आणि मग सगळे लोक जाळावयास निघतो. पितर त्याला आवरूं लागतात तेव्हां तो म्हणतो, माझ्या आया आक्रोश करीत होत्या तेव्हां तिन्ही लोकांत त्यांना रक्षण करणारा एकही निघाला नाहीं. पाप होत असतां ज्याला आवरतां येतें आणि जो आवरीत नाहीं तो त्या पापानें लिप्त होतो. पाहत उभे राहिलेले सगळे माझे अपराधी आहेत.

याला उत्तर काय? सामुदायिक शिक्षेच्या बाजूचा हा सर्वांत बळकट युक्तिवाद आहे आणि तो झटकून टाकणारा टीकाकार आम्हांस उथळ वाटेल. पाहत उभे राहणें हा दोष आहेच. और्वाची चूक दोष पाहण्यांत नाहीं. ती माप सोडण्यांत आहे. उभा राहिलेला, अडविला गेलेला, दूर असलेला, अजून न जन्मलेला, या सर्वांना तो एकाच अग्नींत लोटतो. जो दोष माणसामाणसागणिक कमीजास्त असतो तो सगळ्यांवर सारखा वांटला कीं तो दोष राहत नाहीं, तें निमित्त होतें. गंमत अशी कीं पितरही त्याला असें उत्तर देत नाहींत. ते म्हणतात, आम्ही आयुष्याला कंटाळलों होतों, मरण यावें म्हणून आम्हींच तें भांडण लावून घेतलें. हें समाधान आम्हांस लंगडें वाटतें, आणि कवीलाही वाटलें असावें. कारण और्व त्यावर गप्प होत नाहीं, आवरलेला राग मलाच जाळील असें म्हणतो. तेव्हां पितर त्याला तो अग्नि समुद्रांत टाकावयास सांगतात. तोच वडवानल. राग विझत नाहीं. त्याला ठेवावयास जागा मिळते.

और्वाचा युक्तिवाद महाराष्ट्रानें स्वतःच्या तोंडानेंही बोलून पाहिला आहे. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत नथुराम गोडसे यानें गांधीजींचा खून केला. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण हें कळतांच पुढच्या दिवसांत पुणें, सातारा, सांगली, कोल्हापूर या टापूंत ब्राह्मणांचीं घरें आणि दुकानें जाळलीं गेलीं, माणसें मेलीं. हे सगळे एकाच मनाचे, यांना आधीं ठाऊक असणार, हें त्या वेळचें बोलणें होतें. आणि किती तरी ठिकाणीं त्याच्या आड कुळाचीं, कर्जाचीं, गांवकीचीं जुनीं भांडणें उत्तंकाप्रमाणें उभीं होतीं. व्यंकटेश माडगूळकर यांची 'वावटळ' ही कादंबरी त्या दिवसांवर आहे. तिचा मोठा गुण हा कीं लेखकानें आवाज चढविलेला नाहीं. रुरूच्या काठीखालचा डुंडुभ तेथें बोलतो, आणि मराठी वाचकानें त्याचें ऐकलें.

परंतु याच वाचकाविषयीं आम्हांस एक गोष्ट स्पष्ट म्हणावयाची आहे. १८७१ सालच्या कायद्यानें हिंदुस्थानांतील कांहीं जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. १९११ सालीं तो कायदा मुंबई इलाख्यापर्यंत पसरला, आणि सोलापूरसारख्या शहरांत त्यांच्यासाठीं तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. १९५२ च्या ऑगस्टअखेर कायदा रद्द झाला. गांवोगांवचा संशय रद्द झाला नाहीं. लक्ष्मण गायकवाड यांचें 'उचल्या' १९८७ सालीं आलें, पुढच्या वर्षीं त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि नांवापासूनच त्या पुस्तकानें तोच प्रश्न विचारला जो सरमेच्या पिल्लानें विचारला होता. जातीचें नांवच आरोपपत्र असल्यावर आरोपीनें काय शाबीत करावें? 'वावटळ' वाचून हळहळलेला वाचक 'उचल्या' वाचून बहुधा म्हणतो, केवढें दाहक अनुभवविश्व! पहिल्या पुस्तकांत तो अन्याय वाचतो, दुसऱ्यांत अनुभव. आपल्या समीक्षेनेंही हाच भेद पुष्कळ काळ पाळला आहे. दोन्ही पुस्तकें एकाच प्रश्नाचीं आहेत असें म्हटलेलें आमच्या वाचनांत फार क्वचित् आलें.

कवीनें दुसरी बाजू दडपलेली नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. सापांना जळण्याचा शाप मुळांत त्यांच्या आईनें, कद्रूनें दिलेला. पैजेंत कपट करण्याची तिची आज्ञा पोरांनीं मानली नाहीं म्हणून. आणि ब्रह्मदेवानें त्या शापाला मान्यता दिली, कारण साप फार झाले होते, विषारी होते, लोकांना पीडा देत होते. पुढें असेंही आश्वासन येतें कीं दुष्ट तेवढेच जळतील, धर्मानें वागणारे सुटतील. हें आश्वासन आणि सत्राचें वर्णन शेजारीं ठेवून वाचावें. अग्नींत पडणाऱ्या पोरवयाच्या सापांची कोणीं परीक्षा घेतल्याचें वर्णनांत कोठेंही नाहीं. मोठ्या शिक्षेच्या वेळीं असें आश्वासन नेहमींच दिलेलें असतें.

या अग्नींना थांबवितो कोण, हें पाहूं गेलें असतां एक चमत्कारिक मेळ दिसतो. शक्ति या आपल्या बापाला राक्षसानें खाल्लें म्हणून पराशर राक्षससत्र मांडतो, तेव्हां त्याला आवरावयास येणाऱ्या ऋषींत पुढें होऊन बोलतो तो पुलस्त्य, राक्षसांचा मूळपुरुष. हे बिचारे शक्तीच्या मरणाविषयीं कांहीं जाणतही नाहींत, असें तो सांगतो. जनमेजयाचें सत्र थांबवितो आस्तीक. बाप ऋषि, आई वासुकीची बहीण. रुरूला बोलणारा डुंडुभ हा शापानें साप झालेला सहस्रपाद ऋषि. फार काय, सरमेच्या शापाच्या भयानें जनमेजयानें जो पुरोहित आणला तो सोमश्रवाही नागिणीच्याच पोटचा. सगळे दोहोंकडचे. न्यायाचें प्रवचन करणारे त्रयस्थ या कथांत फारसें कांहीं साधीत नाहींत. ज्याच्या अंगांत दोन्ही रक्तें आहेत तो समोर उभा राहिला म्हणजे मात्र 'सगळे साप' हा शब्द उच्चारणें अवघड होतें. कारण तो शब्द आतां ज्याला आपण आसन दिलें त्यालाही लागूं पडतो. सत्राची भूमि आंखतांनाच भविष्य झालें होतें कीं एका ब्राह्मणामुळें हें सिद्धीस जाणार नाहीं, आणि राजानें अनोळखी माणसाला आंत सोडूं नये असा हुकूमही दिला होता. तो हुकूम कां दिला गेला हें आतां निराळें सांगावयास नको.

तरीही जनमेजयाचें मन वळलें असें कवि म्हणत नाहीं. आस्तीक स्तुति करतो, राजा वर देऊं करतो, आस्तीक सत्र थांबविण्याचा वर मागतो. राजा म्हणतो, सोनें घे, रुपें घे, गाई घे, हें मात्र मागूं नको. सदस्य म्हणतात, बोललास तर दे. इकडे तक्षक अधांतरीं लोंबकळतो आहे. राजा वचनांत सांपडला म्हणून सत्र थांबलें. तें न्याय्य नव्हतें म्हणून नव्हे. कवीनें यापलीकडे राजाला शहाणा केलेलें नाहीं, आणि त्याबद्दल आम्ही त्याचे आभारी आहों.

उरलेले साप आस्तीकाला वर मागावयास सांगतात. तो मागतो कीं जो हें आख्यान वाचील त्याला तुमच्यापासून भय नसावें, आणि ते कबूल करतात. साप दिसला असतां आस्तीकाचें नांव घेण्याची चाल यावरूनच पडली. येथें चोखंदळ वाचक विचारील कीं सगळ्यांच्या वतीनें वचन देतां येत असेल तर सगळ्यांना शिक्षा कां करतां येऊं नये? प्रचलित पाठांत या वचनाला एक पुस्ती जोडलेली आहे. आस्तीकाचें वचन ऐकूनही जो साप मागें फिरणार नाहीं त्याच्या मस्तकाचीं शंभर शकलें होतील, असें तींत म्हटलें आहे. वचन सगळ्या सापांचें आहे. शकलें होतात तीं त्या एका सापाच्या डोक्याचीं.